देव्हाऱ्यातली रायफल

हात जोडू नका. मी देव नाही. लाल खणात गुंडाळलेली, हळदीकुंकवानं माखलेली, जोतिबाच्या टाकाशेजारी उभी दिसते म्हणून फसू नका. मी रायफल आहे. इस्लामपूरजवळच्या एका मळ्यातल्या घरात, देव्हाऱ्याच्या कोनाड्यात, गेली चार वर्षं मी अशीच उभी आहे.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. तिथल्या एका कारखान्यात माझी नळी घडली, तिला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसला. मी शिकारीची नाही आणि लढाईचीही नाही. कागदावरच्या काळ्या ठिपक्याचा वेध घ्यायचा, एवढंच माझं काम. साताऱ्याचे एक गोरे साहेब मायदेशी परतताना मला सुभेदार सयाजीरावांना देऊन गेले.

सुभेदारांना एकुलती एक लेक, मनू. ती मला उचलायला लागली तेव्हा माझा दस्ता तिला फार लांब पडायचा. सुभेदारांनी सुतार बोलावला आणि दस्ता तिच्या मापानं कापून घेतला. तेव्हापासून दुसऱ्या कुणाच्या खांद्याला मी नीट बसले नाही.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी मातीचा एक बांध होता. सकाळी बापलेक तिथं जायची. "अर्धा श्वास सोड, अर्धा ठेव, मग चाप ओढ," सुभेदार सांगायचे. "घाई केलीस की माशी हलली म्हणून समज." माझ्या नळीच्या टोकावर नेम धरायला जो बारीक उंचवटा आहे, त्याला माशी म्हणतात. मनू श्वास रोखायची तेव्हा तिच्या छातीचे ठोके माझ्या दस्त्यात उतरायचे. दोन ठोक्यांमधल्या शांततेत ती चाप ओढायची. तेवढी शांतता मला नंतर कुठल्याही देवघरात मिळाली नाही.

लग्नानंतर मी तिच्याबरोबर सासरी आले. तिचे मालक लालासाहेब फौजेत होते. परवाना त्यांच्या नावावर झाला. रजेवर आले की ते ओढ्याच्या दरडीला कागद लावायचे आणि दोघं नेम धरायची. लालासाहेब हरायचे आणि वर हसायचे.

"फौजेत कुणाला सांगू नगंस गं. माझा पगार बंद करतील."

मग चीनची लढाई आली. ऐन दिवाळीत लालासाहेबांची खबर यायची थांबली. घरात कुणी करंजी तळली नाही की पणती लावली नाही. तेव्हा त्यांच्या आई साळूबाई मला घेऊन देव्हाऱ्यासमोर बसल्या आणि नवस बोलल्या, "जोतिबा, माझा लाला पेन्शन घिऊन उंबऱ्यात उभा ऱ्हाईपतूर या बंदुकीचा बार निघायचा न्हाई. ह्यी तुझ्यापाशी ठिवली."

लालासाहेब जिवंत निघाले. पुढं पाकिस्तानची लढाई झाली, त्यातूनही वाचले. साळूबाईंचा नवसावरचा विश्वास दुणावला, आणि माझा कोनाडा पक्का झाला.

दर खंडेनवमीला साळूबाई मला खाली घेतात. गोडंतेल चोळतात, हळदकुंकू लावतात, नारळाचं पाणी शिंपडतात. सगळं मायेनंच करतात. पण गोडंतेल साचून माझा खटका चिकटला आणि नारळाच्या पाण्यानं नळीला गंज धरला. माणसं एखाद्याला देव्हाऱ्यात बसवतात, आणि मग त्याला काय हवं-नको ते विचारायचं राहूनच जातं.

मनुबाई रोज दिवा लावायला यायची. वात सारखी करताना तिच्या उजव्या हाताची तर्जनी नकळत वाकायची. ती मला दिसायची. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो आणि ती पदर सावरून चुलीकडे जायची.

साळूबाईंची भाची आक्काताई सांगलीला, विश्रामबागेत मास्तरीण आहे. यंदा संक्रांतीला आली आणि म्हणाली, "वहिनी, आमच्या चांदमारीवर बायकांचा नेमबाजीचा वर्ग सुरू झालाय. तुम्ही उतरायचंच."

"उतराय त्यी काय हीर हाय?" साळूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मनुबाईनं मला कोनाड्यातून काढलं आणि रॉकेलच्या फडक्यानं पुसायला घेतलं. खटका हलला. मला वाटलं, सुटले एकदाची! एवढ्यात दारात साळूबाई.

"मने, कुकू पुसतीस?"

"गंज काढतीया, आत्याबाई."

"माझ्या लालाचा जीव हाय त्यात!"

"ठावं हाय. माझा बी धनी हाय त्यो."

मनुबाईनं मला परत कोनाड्यात ठेवलं. त्यानंतर घरात भांडी बोलायची, माणसं बोलत नव्हती. मनुबाईच्या ताटात भाकरी तशीच राहायला लागली. शेवटी साळूबाईंनाच ते बघवेना.

"आगं, नेम बंदुकीचा असतोय का मानसाचा?"

"मानसाचा."

"मग दुसरीनं मार जा. नवस हिचा हाय, तुझा न्हाई."

"दुसरी माझ्या खांद्याला बसायची न्हाई."

"नवरा तरी पयल्या दिवशी मनात बसला हुता का?"

मनुबाईला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी मी ते ऐकलं.

"मी बी येनार," साळूबाई म्हणाल्या. "आन हिला घरात एकटी ठिवायची न्हाई. खणात बांधून घेऊ."

अशी मी एसटीतून, साळूबाईंच्या मांडीवर, सांगलीला गेले. चांदमारीवर बंदुकीच्या दारूचा वास आला आणि माझी नळी आतून शहारली. मनुबाई सतरंजीवर पालथी झाली. तिच्या हातात वर्गाची रायफल होती, लांब दस्त्याची. पहिली गोळी बांधाच्या मातीत गेली. दुसरीही गेली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"आगं, माती मारायला सांगलीला आलीस व्हय?" साळूबाई ओरडल्या, पण त्यांचा आवाज कापत होता.

आक्काताई म्हणाली, "वहिनी, स्वतःची रायफल आणलीय ना? मग तीच घ्या की."

मनुबाई उठली आणि आमच्याकडे आली. तिचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांत पाणी होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. साळूबाईंनीही तिच्याकडे बघितलं. मग त्या स्वतःच खणाची गाठ सोडायला लागल्या. "घे," त्या पुटपुटल्या. "तुझं हे असं तोंड मला बघवत न्हाई. घे, जोतिबा काय म्हनंल त्यी मी बघीन."

घे, घे, मीही मनात म्हणत होते. गाठ सुटली. ऊन माझ्या नळीवर पडलं.

मनुबाईनं माझ्या दस्त्यावर हात ठेवला. तिथं, सुतारानं कापलेल्या जागी, क्षणभर तो थांबला. मग तिनं खण पुन्हा माझ्याभोवती लपेटला आणि सासूच्या गाठीपेक्षा घट्ट गाठ मारली.

"ऱ्हाऊ द्या, आत्याबाई. त्यास्नी येऊ द्या."

ती परत गेली. लांब दस्त्यासाठी तिनं अंग तिरकं केलं, कोपर आत घेतलं. अर्धा श्वास सोडला. मी खणाच्या फटीतून बघत होते. खरं सांगते, हिचा नेम चुकावा, हिला माझी आठवण यावी, असं मला वाटलं. पण बार निघाला, आणि कागदाच्या काळ्या भागात भोक पडलं. पुढचं भोक त्याला लागूनच. साळूबाईंनी मला एवढं घट्ट धरलं की त्यांच्या छातीचे ठोके माझ्यात उतरले. ते मनुबाईसारखे नव्हते, फार घाईचे होते.

आता मनुबाई दर रविवारी सांगलीला जाते. तिच्या चालण्यात फरक पडलाय, असं शेजारणी म्हणतात. मी मात्र इथंच, कोनाड्यात. टाकांवरच्या फुलांचा वास आणि दिव्याची काजळी, यापलीकडं माझं जग नाही. आतून कुढते. गंजही थांबत नाही.

लालासाहेब, तुमची पेन्शन अजून लांब आहे म्हणतात. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. धडधाकट या. स्वतःच्या पायांनी उंबऱ्यात उभे राहा. मग मला ओढ्याच्या दरडीवर न्या आणि पहिला बार मनुबाईला काढू द्या. तोवर माझी नळी गंजून गेली, बार निघालाच नाही, तरी चालेल.

तुम्ही मात्र या.