तापलेला माणूस

ओतुकिलेने बूट पायात चढवले, नाड्या बांधल्या आणि शिवीची वाट पाहत खाटेवर बसून राहिला.

लंडनला आल्यापासून तो आणि केआबोका एकाच खोलीत राहत होते. केआबोका त्याचा मामेभाऊ. आफ्रिकेत, आमच्या बेचुआनालँडात आते-मामेभावांनी एकमेकांची चारचौघांत टिंगल करायची असते. त्यात कुचराई केली तर नातं विसरलास का, असं विचारतात. केआबोकाने उभ्या आयुष्यात कधी कुचराई केली नव्हती. काल तो म्हणाला होता, "बूट कितीही चमकव रे, इंग्रजाला वर मान करून तोंडही बघावं लागतं."

आज केआबोका खाली वाकला आणि ओतुकिलेच्या बुटावरचा चिखल स्वतःच्या रुमालाने पुसू लागला.

"बाहेर गारठा आहे," तो म्हणाला. "मफलर नीट घे."

"तुझी तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग बोल की काहीतरी."

"काय बोलू?" केआबोका रुमालाची घडी घालत म्हणाला. घडी नीट जमेना.

न्याहारीच्या टेबलावरही तेच. शिष्टमंडळातले सर्वांत वडील सेलेलोमामा एरवी दुसऱ्याच्या बशीतलं अंडंही आपलंच समजत. आज त्यांनी आपलं अंडं ओतुकिलेपुढे सरकवलं. दोघे तरुण वकील जिन्यापासून हुज्जत घालत आले होते. ओतुकिलेला पाहताच दोघांचं लंडनच्या पावाबद्दल एकमत झालं. घरमालकिणीने त्याचा चहा ओतताना नाक ओढलं आणि सर्दीला दोष दिला.

ओतुकिलेने दोन्ही अंडी खाल्ली. तोवर त्याला कळून चुकलं होतं.

तो गावाहून निघाला तेव्हा त्याची बायको ओनालेना अंगणात चटईवर पडून होती. खोकला थांबला की बोलायची. तो दारात घुटमळत होता तेव्हा म्हणाली होती, "इंग्रजांना इथून हलवायला ऐंशी वर्षं लागली. आणि तू माझ्या उशाशी बसून काय करणार आहेस? मला वारा घालणार? तोही तुला धड घालता येत नाही." तो निघाला. वळून पाहिलं तेव्हा ती चटईवर नव्हती, कुडाला धरून उभी होती. ती पडलेली त्याला दिसू नये, एवढ्यासाठी.

आमच्याकडे ज्याची बायको गेली तो माणूस तापलेला असतो. शुद्धी होईपर्यंत त्याने सभेत बसायचं नसतं, रानात पाऊल टाकायचं नसतं, गुरांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नसतं. नाहीतर आलेला पाऊसही मागे फिरतो. आणि पाऊस तर यंदा आलाच नव्हता. गेल्या वर्षीही नाही. कोरड्या पाणवठ्यांभोवती गुरं बसल्या जागी मरत होती.

गावसभेने ओतुकिलेला पाठवलं होतं. स्वातंत्र्याच्या कागदावर सही त्याचीच. त्याच्या जागी दुसरा धाडायचा तर पुन्हा सभा भरवावी लागणार, आणि आमच्या सभेत शेवटच्या माणसाचं समाधान होईपर्यंत कुणी उठत नाही. शिवाय गावात असे काही टपून बसले होते, ज्यांना मुखियाचे अधिकार त्या कागदात अपुरे वाटत होते. सही अडली तर त्यांचं फावणार होतं, आणि सप्टेंबरात येऊ घातलेला देश कुणास ठाऊक कधी आला असता.

वकिलांनी काय तोडगा काढला असेल, हे ओतुकिलेला सहज ताडता आलं. मृत्यू होतो तेव्हा नव्हे, वडीलधारी माणसं समोर बसवून सांगतात तेव्हा नवरा विधुर होतो. सांगितलं नाही तोवर तापला नाही. तो स्वतः त्यांच्या जागी असता तर त्यानेही हाच मुद्दा मांडला असता, कदाचित जरा जास्त चांगला.

म्हणून त्याने काही विचारलं नाही. तोंड पुसलं आणि म्हणाला, "चला. उशीर होतोय."

सभागृहात एकच धोका होता, तो म्हणजे इंग्रजांचा चांगुलपणा. बातमीची तार त्यांच्याच कचेरीत आली असणार. अध्यक्षस्थानी बसणारे साहेब लांबूनच त्याच्याकडे येताना दिसले. मान किंचित कललेली, भुवया मध्ये उचललेल्या, हात पुढे. ही मुद्रा ओतुकिलेने मिशनरी शाळेत पुष्कळ पाहिली होती. तिच्यानंतर कुणीतरी मेलेलंच असायचं.

सेलेलोमामा खुर्चीतून अर्धे उठले. वकिलांचे चेहरे उतरले.

"साहेब," ओतुकिले दोन पावलं पुढे होऊन म्हणाला, "हा तुमचा पाऊस किती दिवस चालेल?"

साहेब थांबले. या प्रश्नाला उत्तर न देता पुढे जाणारा इंग्रज अजून जन्माला यायचा होता. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, पश्चिमेच्या वाऱ्याचं सांगितलं, गेल्या फेब्रुवारीचं सांगितलं. पण मुद्रा काही उतरेना. एक वाक्य संपलं आणि त्यांनी ओतुकिलेच्या दंडावर हात ठेवला.

"मिस्टर ओतुकिले, मला खरोखरच..."

"केआबोका!" ओतुकिलेने हाक मारली. आवाज जरा मोठाच झाला. "अरे, इकडे ये. साहेबांना सांग, माझी बायको खरी कुणाची आहे ते."

केआबोका जागच्या जागी उभा राहिला. तीस वर्षांत हा विनोद त्याने लग्नांत, बारशांत, बैलांच्या बाजारात केला होता. त्यासाठी त्याला कधी बोलावणं धाडावं लागलं नव्हतं. तो हळूहळू पुढे आला. ओतुकिले त्याच्याकडे पाहत होता. पापणी न लववता.

"माझी आहे," केआबोका इंग्रजीत म्हणाला. "मागणी माझी पहिली. याच्या बापाने मुलीसाठी देऊ केलेले बैल माझ्या बापाच्या बैलांपेक्षा धष्टपुष्ट निघाले, एवढंच. मुलगी बैलांकडे बघून दिली, साहेब. नवऱ्याकडे कुणी बघितलंच नाही."

"आणि ती काय म्हणते?" ओतुकिलेने विचारलं.

केआबोकाने ओतुकिलेच्या बुटांकडे पाहिलं.

"ती म्हणते... ती म्हणते, बैल मेले, हा उरला."

ओतुकिले हसला. मान मागे टाकून, दात दाखवून हसला. मग सेलेलोमामाही हसले, मग वकील. साहेब या तोंडाकडून त्या तोंडाकडे पाहत राहिले. या लोकांना अजून काही माहीत नाही आणि ते कळवणं हे आपलं काम नव्हे, एवढं त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी हात काढून घेतला आणि जागेवर जाऊन बसले.

दुपारी सह्या झाल्या. ओतुकिलेने सही केली आणि पेनाचं टोपण लावलं. सगळे "पुला!" म्हणून ओरडले. पुला म्हणजे पाऊस. आमच्याकडे जयजयकारही पावसाचाच करतात. तोही ओरडला.

संध्याकाळी त्याला खोलीत जमिनीवर बसवलं. सेलेलोमामांनी आधी प्रकृती विचारली, मग गुरांचं बोलले, मग पूर्वजांचं. मग सांगितलं. रीतीप्रमाणे सावकाश, एकही पायरी न गाळता.

"तुला ठाऊक नव्हतं," शेवटी ते म्हणाले. "म्हणून सही स्वच्छ आहे. मनात काही ठेवू नकोस, बाळा."

"हो, मामा," ओतुकिले म्हणाला. "मला ठाऊक नव्हतं."

केआबोका घरमालकिणीची कात्री घेऊन त्याच्या मागे बसला होता, केस कापायला. कात्री थोडा वेळ थांबली. मग पुन्हा चालू लागली.

परतीच्या गाडीला गावच्या फलाटावर तोबा गर्दी होती. बायका जिभा हलवून आरोळ्या देत होत्या, पोरं छपरावर चढली होती. डब्यातून एकेक जण उतरला की गलका वाढायचा. कुणीतरी ओतुकिलेचंही नाव घेत होतं.

तो दुसऱ्या बाजूच्या दाराने रुळांवर उतरला. केआबोका पेटी घेऊन मागे येऊ लागला, तर त्याने हातानेच त्याला फलाटाकडे परतवलं. "तू जा. तुला चालतं."

या बाजूला कुणी नव्हतं. पिवळं रान, आभाळ स्वच्छ, क्षितिजापर्यंत ढगाचा ठिपका नाही. घराकडची पायवाट रानातून, गोठ्यांवरून जायची; तापलेल्या माणसाने त्या वाटेने जायचं नव्हतं. रुळांच्या कडेने लांबचा वळसा होता. तो चालू लागला.

बाभळीखाली एक गाय उभी होती. बरगड्या वर आलेल्या, डोळ्यांशी माश्या. कुणाची कुणास ठाऊक. माणूस दिसताच तिने मान उचलली. माणसामागे पाणी असतं, एवढं तिला अजून आठवत होतं. ती त्याच्या दिशेने एक पाऊल आली, मग आणखी एक.

"येऊ नकोस," ओतुकिले म्हणाला.

ती येत राहिली. फलाटावर पुन्हा "पुला!" उठलं. तो तिच्यावरून नजर न काढता एकेक पाऊल मागे सरकू लागला.