पन्नास बायकांचा कोरस

पालीच्या विहारात जयंतीला बायकांचं मंडळ गाणी म्हणतं. यंदा त्यात आपलं गाणं असलंच पाहिजे, हे नववीतल्या अंजलीनं परीक्षेच्या अभ्यासातून वेळ काढून ठरवून टाकलं होतं. शब्द तिचे; चाल, ढोलकी, पेटी आणि आवाज मोबाइलमधल्या एआयचे. ॲपला तिनं लिहून सांगितलं होतं, पुढं बाईचा खडा आवाज आणि मागं पन्नास बायकांचा कोरस. बीडहून येणाऱ्या एसटीत कानाला लावून ऐकलं तेव्हा ती स्वतःवरच फिदा झाली.

पण मंडळाची सगळी सूत्रं सरूआत्याच्या हातात. ती हो म्हणेल तेच गाणं जयंतीला.

संध्याकाळी विहारात स्पीकर लागला. बायका कौतुकानं ऐकत राहिल्या. म्हाताऱ्या तुळजाबाईंनी तर अंजलीच्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. गाणं संपलं तरी सगळ्या हात मांडीवर ठेवून तशाच बसलेल्या.

“चांगलं हाय गं,” आत्या म्हणाली. “पण आमी कवा म्हणायचं?”

“सोबत म्हणा की.”

“कुठं म्हणू? समदं तिनंच म्हणून टाकलंय. रुखवत बघाया बोलवल्यावानी बसलो आमी.”

अंजली फणकारत घरी आली. आत्याला नवं काही चालतच नाही, असं आईला दहादा ऐकवून झालं. मग आत्याची चूक शोधायलाच तिनं गेल्या जयंतीचं रेकॉर्डिंग लावलं. आत्या एक ओळ म्हणते आणि थांबते. बायका ती उचलतात, मनाला येईल तितक्या वेळा घोळवतात. तेवढ्यात आत्या पाणी पिते, पदरानं कपाळ पुसते, पुढचं कडवं आठवते. ढोलकी चालूच. अंजलीच्या गाण्यात कुणी कुठं थांबतच नव्हतं. तिनं पन्नास बायका मागितल्या, ॲपनं पन्नास दिल्या; मग पालीच्या बायकांचं काम काय?

एकेक आवाज आणि वाद्य वेगळं करणारं दुसरं ॲप तिनं शोधलं आणि कोरस काढून टाकला. पण दुसऱ्या दिवशी बायकांनी ओळ उचलली, ती अर्ध्यात असतानाच मशीनमधली बाई पुढच्या कडव्यावर पोचली.

“हिला एसटी गाठायची हाय का?” तुळजाबाई म्हणाल्या, आणि सराव हसण्यातच गेला.

अंजलीही हसली, पण घरी जाऊन पुन्हा कापाकापीला बसली. ढोलकी अखंड चालू ठेवली. बाईचं एकेक कडवं वेगळं करून एकेका बटणावर ठेवलं. बोट दाबलं तरच ती गाणार.

आता शेवटचा सराव. पहिलं कडवं झालं, बायकांनी ओळ उचलली. अंजली सवयीनं स्क्रीनकडंच बघत होती. दोनदा म्हणून झालं, तिचं बोट बटणाकडं निघालं, आणि तुळजाबाईंनी डोळे मिटून तीच ओळ वरच्या पट्टीत धरली. त्यांच्यामागं सगळ्यांनी. अंजलीनं शोधून शोधून घातलेला ‘तेजोमय’ गाळून तिथं साधा ‘उजेड’ आला होता. तिला जरासं टोचलं. तिनं मान वर केली आणि बोट तसंच अधांतरी धरून बायकांच्या तोंडाकडं बघत राहिली.

सरूआत्या हळूच तिच्याकडं वाकली.

“जयंतीला असंच थांबायचं बरं का, अंजे,” ती म्हणाली, आणि पुन्हा बायकांच्या सुरात मिसळली.