गोपालभाऊले सप्रेम भेट

सिंदेवाहीत नसीमबाईंचं मॅचिंग सेंटर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि दुकानामागच्या खोलीतलं त्यांचं वेडही. ब्लाऊजपिसांच्या थप्प्यांपलीकडे दोन लोखंडी अलमाऱ्या, आणि त्यांत नुसती कवितेची पुस्तकं. तीही कुठलीही चालत नसत. पुस्तक पहिल्या आवृत्तीचं हवं आणि आत कवीनं स्वतःच्या हातानं, कुणाचं तरी नाव घालून 'सप्रेम भेट' लिहिलेलं हवं. पहिल्या आवृत्तीची अट तशी नावालाच होती म्हणा. आपल्याकडच्या कवीची दुसरी आवृत्ती निघते कुठे? बिचारा पदरमोड करून पुस्तक छापतो, प्रकाशनाच्या दिवशी मंचावरच्या प्रत्येकाला सही करून एकेक प्रत देतो. मान्यवर शाल अंगावर ठेवतात, नारळ बायकोला देतात आणि पुस्तक दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालतात. रद्दीवाला लच्छू ते मुकाट्यानं नसीमबाईंच्या दुकानात आणून टाकी.

"तुमी मुसलमान, तुमाले मराठी कविता काऊन पायजे?" असं कुणी विचारलंच, तर बाई कापड फाडता फाडता म्हणत, "मंग? मी तुमच्याशी भांडते ते काय फारसीत भांडते?"

एका गोष्टीनं मात्र त्यांना घोर लागला होता. नागपूरची मुलं स्पष्टच म्हणाली होती, अम्मी, तुझ्यामागं हे सगळं परत लच्छूकडंच जाणार. म्हणून तालुक्याचं साहित्य संमेलन ठरलं आणि स्वागताध्यक्ष गोपालभाऊंनी शब्द दिला, तेव्हा बाई हरखून गेल्या. लाकूड कापायच्या आरा मशीनचे मालक गोपालभाऊ सार्वजनिक वाचनालयाचेही अध्यक्ष. संमेलनात प्रदर्शन मांडा, म्हणाले, मग वाचनालयात तुमच्या संग्रहाला कायमची खोली देतो.

शाळेच्या पटांगणात मांडव पडला. बाईंनी टेबलांवर पांढरी चादर अंथरली आणि पुस्तकं मांडली, प्रत्येक पुस्तक सहीच्या पानावर उघडून. सही मिटून ठेवायची तर प्रदर्शन कशाचं?

कॉलेजात मराठी शिकवणारा प्रफुल संमेलनाचा कार्यवाह होता. तो बघत बघत आला आणि एका पातळ पुस्तकापाशी थबकला. पोंभुर्ण्याकडच्या सुकलू मडावीचं एकुलतं एक पुस्तक. सुकलूचा जन्म जंगल कामगार म्हणून गेला. पहिल्या पानावर त्याचं ठसठशीत अक्षर होतं: 'गोपालभाऊले सप्रेम भेट. तुमी म्हनलं व्हतं, तू लिही, मी वाचीन.'

"बाई, हे मिटून ठेवा," प्रफुल हळूच म्हणाला. "भाऊचं नाव हाय."

"त्याईचंच पुस्तक हाय, तं नाव कोनाचं राहीन?"

"अवो, रद्दीत गेलं हे साऱ्याईले समजन ना!"

"गेलंच व्हतं. म्या थोडीच टाकलं?"

"खोलीचा तरी विचार करा."

बाईंनी केला विचार. मन खोलीत जाऊनही आलं, खिडकीला पडदेसुद्धा लावून आलं. मग त्या म्हणाल्या, "नाई मिटत. करा काय करायचं ते."

दुपारच्या नमाजाला त्या घरी गेल्या. परत आल्या तर सुकलूचं पुस्तक मिटलेलं. उघडलं, तर सहीचं पान गायब.

"एकच पान काढलं जी," प्रफुल दुसरीकडे बघत म्हणाला. "फाडून टाकलं. कवितेले हात नाई लावला."

बाईंनी पुस्तक उलटं करून त्याच्यासमोर धरलं. पातळ पुस्तक, मध्यात दोन पिना मारलेलं. असल्या पुस्तकात पहिलं पान आणि शेवटचं पान म्हणजे एकच कागद, मधोमध दुमडलेला. पहिलं ओढलं की शेवटचं सोबत निघून येतं. नाव काढायला गेला आणि शेवटची कविता घेऊन गेला. "पोराईले मराठी शिकवता ना तुमी?" बाई म्हणाल्या. "पुस्तक कधी हातात घेतलं नाई काय?"

प्रफुल सटकला. तेवढ्यात समोर पांढरी टोपी घातलेला वाळका म्हातारा येऊन उभा राहिला. सुकलू. संमेलनाचं निमंत्रण नव्हतं, पण बाईंनी निरोप धाडला होता म्हणून एसटीनं आला होता. सगळ्या प्रती वाटून टाकल्यानं स्वतःचं पुस्तक त्याच्याकडेच उरलं नव्हतं. त्यानं ते उचललं आणि नेमकं मागून उघडलं.

"शेवटची नाई," तो म्हणाला.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं जपलेलं पुस्तक, आणि कवीच्या हातात दिलं ते असं. "माह्या राखनीत फाटलं, सुकलूभाऊ," त्या म्हणाल्या आणि कशामुळं फाटलं तेही सांगून टाकलं. मग पदर खोचून मंचाकडे निघाल्या. आज कुणाची गय करायची नाही.

"थांबा बाई. पेन हाय?"

सुकलू खुर्चीवर टेकला. मागच्या कव्हराच्या आतल्या कोऱ्या बाजूला ओठ हलवत त्यानं कविता पुन्हा उतरवली. मग पुढचं कव्हर उघडलं. आता भेट म्हणून नसीमबाईंचं नाव लिहील असं त्यांना वाटलं, आणि खोटं कशाला बोला, हवंहवंसं वाटलं. सुकलूनं लिहिलं: 'गोपालभाऊले सप्रेम भेट. पयल्या खेपेले वाचाचं राह्यलं असन.'

बाई मोठ्यानं हसल्या. पुस्तक घेऊन त्या मंचाच्या पायऱ्या चढल्या. खोली गेली, हे त्यांना कळत होतं. पण पाय थांबले नाहीत.

माईकवर गोपालभाऊ आपली बोली, आपली माती यावर रंगात आले होते. बाईंनी पुस्तक त्यांच्या भाषणाच्या कागदावर ठेवलं.

"कवीनं तुमाले पुन्हा देल्लं, भाऊ. मागचं वाचा. साऱ्याईले आयकू द्या."

माईक चालूच होता. सगळ्या मांडवानं ऐकलं. गोपालभाऊंनी प्रफुलकडे पाहिलं, प्रफुलनं मांडवाच्या कापडाकडे. सुटका नव्हती. भाऊंनी चष्मा चढवला आणि वाचलं:

"तुमी झाडं मोजली, मोजा.
आमी त्याईची नावं घेतली.
आता सांगा,
जंगल कोनाचं?"

खुर्च्यांच्या मागे सुकलू टोपी हातात घेऊन उभा होता. त्यानं प्रश्न विचारला होता आणि तो खरोखरच उत्तराची वाट बघत होता. मांडवही बघू लागला. भाऊंनी पुस्तक मिटलं आणि हात सवयीनं मागे, भेटी सांभाळायला उभ्या असलेल्या ड्रायव्हरकडे गेला.

नसीमबाईंनी ते मधल्यामधे धरलं.

"इकडं आना, भाऊ," त्या माईकजवळ तोंड नेऊन म्हणाल्या. "आता रद्दीपर्यंत न्याची तकलीफ नको. मी इथीच उभी हाय."