शॉकअपवरची उभी रेघ

पहिल्यांदा ओरखडा आला तेव्हा मी म्हटलं, दगड लागला. दुसऱ्यांदा आला तेव्हाही दगडच म्हटलं, फक्त आवाज चढवून. तिसऱ्यांदा तोच ओरखडा, त्याच जागी, तेवढाच लांब दिसला तेव्हा मात्र माझं डोकं चालेना.

मी धनसिंग. सोनगीरला हायवेच्या कडेला माझं सायकल-मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तीस वर्षं पान्हा हातात आहे. माझा राग नाकावर असतो असं बायको म्हणते, आणि ते खरं आहे. पण माझ्या हातून गेलेली गाडी त्याच कामासाठी परत येत नाही, हेही तितकंच खरं होतं. ही सायकल येईपर्यंत.

सायकल ऋतिकाची. आमच्या गावच्या प्रेमराजची पोरगी, धुळ्याला कॉलेजात शिकते. डोंगरात चालवायची सायकल, पुढच्या चाकाला मोटरसायकलसारखी शॉकअप. रोज सकाळी ती किल्ल्याच्या वाटेवर चढायची आणि सुसाट खाली यायची. ह्या रविवारी धुळ्याला राज्याच्या संघासाठी निवड होती. तिचं खाणं-पिणं, बोलणं, बठ्ठं, अगदी सगळं त्या रविवारभोवती फिरत होतं.

शॉकअपचं काम सोपं असतं. वरची चकचकीत नळी खालच्या जाड नळीत वर-खाली होते आणि तोंडाशी रबराचं सील असतं. नळीवर ओरखडा पडला की सीलमधून तेल गळतं, शॉकअप मरतं, आणि उतारावर हँडल हातात राहत नाही.

मी नेहमीसारखं केलं. सायकल टांगली, पुढं नजरेसाठी बांधलेलं सुकलेलं लिंबू कापून फेकलं, नळी रॉकेलनं पुसली. ओरखड्याची धार बारीक पॉलिश पेपरनं पाणी लावून मोडली. खाच भरायला बायकोची नेलपॉलिश घेतली. रत्नाकडे लालभडकच होती. ती म्हणाली, माझ्या नखांना कधी एवढ्या मायेनं लावली नाहीत. सुकल्यावर पुन्हा पेपर मारून नळीच्या पातळीला आणलं, दाबून पाहिलं, तेलाचा थेंब नाही. मग पुसून, नवी लिंबू-मिरची बांधून पोरीच्या हवाली केली. आठ दिवसांत सायकल परत. पुन्हा ओरखडा, पुन्हा तेल.

मी ऋतिकाला विचारलं, कुठं आपटलीस? ती म्हणाली, कुठंच नाही. मी म्हटलं, पोरी, दगड लागल्याशिवाय लोखंडावर रेघ उमटत नाही. हे मी जरा मोठ्यानं म्हटलं, आणि त्या वेळी दुकानात प्रेमराज उभा होता.

तिथून बिनसलं. प्रेमराजला सायकल मोडल्याचं दुःख नव्हतं. पोरगी डोंगरात पडते आणि घरी लपवते, हे त्याच्या मनात बसलं. ती रडून सांगायची, पडले नाही. तो म्हणायचा, मग धनाभाऊ खोटं बोलतो का? तीस वर्षांचा माझा शब्द त्या पोरीच्या शब्दावर जाऊन बसला. घरात ठरलं, आता एकदा जरी बिघडली तर सायकल बंद, निवड बंद.

आणि शुक्रवारी ती तिसऱ्यांदा आली. घरी कळायच्या आत करून द्या, म्हणाली.

रागावलो, पण खरं सांगू, मी गोंधळलो होतो. दगड लागला तर चरा आडवा-तिडवा पडेल. ही रेघ सरळ, उभी, पट्टीनं आखल्यासारखी. शेजारचा वेल्डिंगवाला म्हणाला, नळीच खराब आहे. कुणी म्हणालं, सीलमध्ये रेती आहे. सील काढलं, तर रेतीचा कण नाही. एरंडोलच्या मेव्हण्याला फोन लावला, तो म्हणाला, नजर लागली असेल. त्याला दोन शिव्या दिल्या आणि पुन्हा लाल रंग भरला.

शनिवारी सकाळी सायकल तयार होती. ऋतिका आली, आणि तिच्या मागोमाग प्रेमराज. कुणीतरी सांगितलंच होतं त्याला. तो सरळ सायकलपाशी गेला, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि अंगाचा भार टाकून दाबलं.

शॉकअप खाली गेलं, वर आलं. बारीक कुर्र असा आवाज झाला.

मी वाकलो. दोन शॉकअपना जोडणारी चाकावरची जी कमान असते, तिला मी लिंबू-मिरची बांधतो. दोऱ्यानं बांधलेली हायवेच्या वाऱ्यात टिकत नाही, म्हणून तारेनं बांधतो. माझ्या बापाची रीत, फक्त तार माझी. त्या तारेचं पिळलेलं टोक नळीला टेकलं होतं, आणि टोकावर लाल रंगाचा कपटा लागला होता.

दर वेळी काम सुरू करताना ते लिंबू मीच कापून फेकायचो. दर वेळी काम संपल्यावर मीच नवं बांधायचो. सायकल नवी आली तेव्हाचं पहिलंही मीच बांधलं होतं. चोर माझ्याच हातानं दाराबाहेर जात होता आणि माझ्याच हातानं आत येत होता.

प्रेमराजला काही दिसलं नव्हतं. तो म्हणाला, "खरं काय शे, धनाभाऊ?"

गप्प बसता आलं असतं. तार गुपचूप काढली असती, तर रेघ पुन्हा आली नसती, आणि माझं नावही राहिलं असतं. पण पोरगी माझ्याकडे बघत होती. ती काही मागत नव्हती. ह्या माणसांकडून काही मिळणार नाही असं मानूनच ती उभी होती, आणि त्याची मला लाज वाटली.

"पोरगी पडली नाही," मी म्हटलं. "तिन्ही वेळा ओरखडा मी पाडला." आणि तार दाखवली.

आतून रत्ना म्हणाली, काखेत कळसा अन् गावाला वळसा. एरवी मी तिच्यावर ओरडलो असतो.

मी चौथ्यांदा रंग भरला. सुकेपर्यंत प्रेमराज जुन्या टायरांवर बसून राहिला. मग रत्नाकडून सुई-दोरा मागून त्यानं स्वतः लिंबू-मिरची ओवली आणि कमानीपासून लांब, हँडलला बांधली. गाठ मारताना पोरीकडे न बघता म्हणाला, "पडनी तरी चाली. पन माले सांगजो."

"सांगितलं होतं, पप्पा," ती म्हणाली. "तीन वेळा."

प्रेमराज गाठ चाचपत राहिला. ती सायकल घेऊन निघाली, आणि आम्ही दोघं ती हायवेच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभे राहिलो.