गुलाबी बाजरी

“अहो, तुमच्या बाजरीला तिसऱ्या दिवशीही कुणी चोच लावलेली नाही,” वीणाबाई गच्चीवरून म्हणाल्या.

पंढरीनाथ वर आले. दाणे जसेच्या तसे पसरलेले, अक्षतांसारखे गुलाबी. होले लांबूनच बघत होते. लांडोर एकदा वाकली आणि मान फिरवून चालती झाली.

“जयपूरची पाखरं ना, गुलाबी रंगाचा वीट आलाय त्यांना!” ते म्हणाले.

विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या या गृहस्थाला फुकटची वस्तू वाया गेलेली बघवत नसे. कानोता गावच्या एका जुन्या शेतकरी ग्राहकाने पेरणीतून उरलेलं अर्धं पोतं दिलं होतं. देताना तो काहीतरी सांगत होता. यांचं लक्ष पोतं स्कूटरवर मावतं का, याकडे.

“पण रंग कशाला लावला असेल हो?”

“माल उठून दिसावा म्हणून. चौतीस वर्षं पॉलिसी विकल्या मी, मला विचारतेस?”

“त्यांना नकोय तर राहू द्या ना.”

“त्यांना काय कळतंय!”

पंढरीनाथांनी टबात बाजरी चोळचोळून धुतली. तीन पाण्यांत रंग गेला. दिवसभर वाळवल्यावर बाजरी बाजरीसारखी दिसू लागली.

सकाळी दाणे पसरताच गच्ची पाखरांनी भरली. “वीणा, ये लवकर!” इतक्या हौसेने त्यांनी बायकोला लग्नानंतर क्वचितच हाक मारली असेल. जयपुरातल्या या विद्याधर नगरात वीणाबाईंची रोज वाट बघणारं या पाखरांशिवाय कुणी नव्हतं. त्या धावत आल्या, हसल्या. “जमलं हो तुम्हाला.”

दुपारपर्यंत अकरा होले गच्चीत आडवे झाले होते. लांडोर पाण्याच्या टाकीमागे सापडली.

पंढरीनाथांनी कानोत्याला फोन लावला.

“साहब, बोला तो था,” पलीकडून आवाज आला, “बीज पे दवाई है। रंग इसीलिए डालते हैं कि कोई खाए नहीं।”

फोन ठेवून ते म्हणाले, “आधी लांडोर झाक. राष्ट्रीय पक्षी आहे, लफडं होईल. कुणी विचारलं तर सांग, साथ आलीय.” मग जरा थांबून, “आणि जमलं म्हणालीस की तूही.”

वीणाबाईंनी गच्ची तीनदा धुतली, तरी फरशीच्या फटींतले दाणे निघेनात.

दुसऱ्या दिवशी उजाडताच उरलेले होले आले. वीणाबाई उन्हं चढेपर्यंत स्टीलचं ताट उलथन्याने बडवत उभ्या राहिल्या. एक होला उडायचा आणि पुन्हा त्यांच्याच पायाशी येऊन उतरायचा.