गुरुवारी चारचा फोन

सासूबाईंची उमेदीची सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. ट्रंककॉलच्या जमान्यात अख्ख्या शहराचं बोलणं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. निवृत्त झाल्या तरी फोन वाजला की तो आपल्यासाठीच, अशी त्यांची पक्की समजूत. घरात फोन दोन, एक बैठकीत, एक स्वयंपाकघरात. लाइन एकच, आणि ती त्यांची.

सूनबाई बेकरीत केकवर नावं घालायची. अक्षर मोत्यासारखं. हल्ली मात्र ते मोती ओघळायला लागले होते. उजव्या हाताची बोटं बधिर व्हायची, भट्टीजवळ उभं राहिलं की डोळ्यांपुढे धुकं यायचं, सपाट फरशीवर पाय अडखळायचा. एकदा 'अभिनंदन'मधला अनुस्वार घसरत घसरत पार केकच्या बाहेर जाऊन पडला, तेव्हा ती डॉक्टरांकडे गेली. बऱ्याच तपासण्या झाल्या आणि नाव कळलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं आवरण खराब होतं आणि मेंदूचे निरोप नीट पोचत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

सूनबाईच्या मनात आलं, हा तर लाइनीतला बिघाड, सासूबाईंना चुटकीसरशी समजेल. आणि तितक्याच चटकन गावभर होईल, म्हणून त्यांना सांगायचं नाही. मागे नवऱ्याला मूळव्याध झाली होती, तेव्हा सासूबाईंनी गल्लीभर सल्ला विचारला होता. शेवटी पोस्टमनने दारात पत्र देताना विचारलं, "बसायला जमतंय का आता?"

नवऱ्याला मात्र तिने सांगितलं. तो ट्रक चालवायचा, घरी कमीच असायचा. खोटं बोलणं त्याच्या रक्तात नव्हतं, म्हणून आईसमोर तो सारखं काहीतरी तोंडात घालून बसायचा.

डॉक्टरांनी एका फोनसेवेचा नंबर दिला होता. हाच आजार असलेली माणसं एकमेकांना आठवड्यातून एकदा फोन करतात, बोलतात, धीर देतात. सूनबाईचा मोबाइल बधिर हातातून निसटून कणीक मळायच्या मशीनमध्ये गेला होता, म्हणून तिने घरचा नंबर दिला. तिच्या वाट्याला आले एक निवृत्त फुटबॉल पंच. बरीच वर्षं या आजारासोबत राहिलेले, आता चाकाच्या खुर्चीत. आवाज मात्र भरमैदानातला.

गुरुवारी चार वाजता पहिला फोन आला, तो अर्थातच सासूबाईंनी उचलला.

"ताई आहेत का घरात?"

"काय काम आहे?"

"ते मला सांगता येणार नाही."

"बरं, कुठून बोलताय?"

"तेही सांगता येणार नाही."

सासूबाईंनी फोनवर हात ठेवला. "तुझा आहे. पुरुष आहे. आवाज भारदस्त आहे."

"बेकरीतलं गिऱ्हाईक, आई. केकचं विचारत असतील." सूनबाईने दार लोटून घेतलं.

पुढच्या गुरुवारीही केकच. त्याच्या पुढच्याही. "या माणसाच्या घरी दर आठवड्याला बारसं असतं की काय?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना खरी काळजी वेगळीच होती. फोन ठेवला की सून गुणगुणत बाहेर यायची. कित्येक महिन्यांत हसली नव्हती ती फोनवर खिदळायची. ही लक्षणं काही चांगली नव्हेत.

एका गुरुवारी पंच विचारत होते, "पायांचं काय म्हणता?"

"मुंग्या येतात हो. आग होते नुसती."

"माझंही तेच. गार पाण्यात पाय सोडून बसायचं. पण ताई, असं घरात लपवून किती दिवस चालणार?"

"सासूबाईंना कळलं तर गावभर होईल."

इतक्यात लाइनीत कुकरची शिट्टी वाजली. चांगली लांबलचक.

"ही शिट्टी माझी नव्हे," पंच म्हणाले.

"कळलंय!" स्वयंपाकघरातून आणि फोनमधून एकदमच आवाज आला. "सगळं कळलंय! परक्या बाईच्या पायांची चौकशी करताना लाज नाही वाटत?"

"आपण कोण?"

"मी सासू!"

"मग आपण ऑफसाइड आहात, बाई."

सूनबाई उठून धावली. धावायला नको होतं. उंबऱ्यापाशी पाय अडकला आणि ती स्वयंपाकघरात पोचली ती आडवीच. टेबलाचा पाय धरून कशीबशी बसली. सासूबाई फोन हातात घेऊन बघत राहिल्या.

"आई, तसलं काही नाही. मला आजार झालाय. नसांचा. बरा होणारा नाहीये. त्यांनाही तोच आहे, म्हणून बोलतो आम्ही."

सासूबाईंनी कुकरखालचा गॅस बंद केला. मग हळूच तिच्याशेजारी फरशीवर बसल्या.

"त्यापेक्षा तसलं असतं तरी चाललं असतं गं," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. सूनबाईलाही फुटलं.

फोनमधून बारीक आवाज येत होता, "हॅलो? कोणी पडलं का?"

"थांबा हो जरा," सासूबाई नाक ओढत म्हणाल्या, "लाइन सोडू नका." मग सुनेकडे वळल्या. "मला का नाही सांगितलंस?"

"पोस्टमन," सूनबाई म्हणाली.

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माझ्या लेकाला बसायला खरंच त्रास होत होता गं," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी फोनवर उरलेला वेळ त्याच बोलल्या. उन्हाने, शेकाने त्रास वाढतो, असं पंचांकडून कळलं मात्र, दुसऱ्या दिवसापासून घराचं बर्फघर झालं. सुनेच्या मानेवर ओला टॉवेल, पायाखाली बर्फाची पिशवी, अंघोळीला गार पाणी. नवरा ट्रकवरून आला तो स्वेटर घालून जेवायला बसला. शिवाय सुनेच्या हातातलं सगळं हिसकावून घेणं चालू: कप, झाडू, एकदा तर कंगवासुद्धा.

सूनबाईने पंचांपाशी गाऱ्हाणं केलं. पंचांनी सासूबाईंना फोनवर बोलावून घेतलं.

"खेळाडू मैदानात आहे ना? मग तिला खेळू द्या."

"आणि पडली तर?"

"हात देऊ का, असं विचारायचं. आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं."

"थांबायचं?" सासूबाईंना ही शिक्षाच वाटली. उभ्या जन्मात त्या कोणाच्या उत्तराची वाट बघत थांबल्या नव्हत्या.

घरच्या माणसांशी बोलायचीही त्या सेवेत सोय होती. पंचांच्याच बायकोचा फोन सासूबाईंना सोमवारी येऊ लागला. पहिल्या सोमवारी त्या डोळे पुसत बाहेर आल्या. "बाई चांगली आहे. तीही न्हाणीघरात नळ सोडून रडते म्हणे. फक्त पाल्हाळ फार लावते, मला बोलूच देत नाही."

बेकरीच्या मालकाला सूनबाईने स्वतःच सांगितलं. तो आधी कुरकुरला, मग त्याने तिचं टेबल भट्टीपासून हलवून पुढच्या खिडकीपाशी नेलं. हात चालेल त्या सकाळी ती नावं घालायची, नाही चालला तर गल्ल्यावर बसायची. काठी घ्यायला दोघी मिळून गेल्या. सासूबाईंना काळी गंभीर काठी आवडली, सुनेला लालभडक. लाल घेतली. वाटेत शेजारीण भेटली, "काय झालं गं पायाला?" सासूबाईंचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "तिलाच विचारा," त्या म्हणाल्या, आणि पुढे घरापर्यंत त्यांचा चेहरा ठसका दाबून धरल्यासारखा लाल होता.

पुढचा गुरुवार वाईट गेला. सूनबाईला सकाळी ब्लाउजची बटणंही लावता आली नव्हती.

"आज काहीच जमलं नाही," ती पंचांना म्हणाली. "काल सगळं जमत होतं."

"माझंही आज तसंच," पंच म्हणाले. "सांगा, कुठून सुरुवात झाली?"

तिने उशी पाठीशी ओढली आणि बटणांपासून सांगायला घेतलं.