खुर्ची आणि खांदा

संगमेश्वराकडच्या त्या गावात गुरुप्रसाद मास्तरांना सगळे जज्जसाहेब म्हणत. निवृत्तीनंतर माणसं बागेत रमतात. हे एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन न्यायाधीशाचं चरित्र लिहीत बसले. ऑलिव्हर हास्केल, शेतकऱ्याचा मुलगा. वकिलाच्या कचेरीत झाडू मारत कायदा शिकला, राष्ट्राध्यक्षांनी त्याला तहहयात केंद्रीय न्यायाधीश नेमलं, आणि शिफारस करणाऱ्यांच्याच विरुद्ध निकाल देऊन त्याने त्यांची झोप उडवली. गावाला हे तोंडपाठ होतं. मास्तरांच्या घरी हास्केल ऐकल्याशिवाय चहा मिळत नसे.

म्हणून शिमग्याआधी पालखीच्या मानाचा तंटा उभा राहिला तेव्हा गावकीने देवळात खुर्ची मांडली आणि निकाल मास्तरांवर सोपवला. देवाची पालखी पहिली मास्तरांच्या घरी यायची. म्हातारी चिमाकाकी म्हणत होती, तो मान मुळात तिच्या घराचा. नवा रस्ता झाला, पालखीची वाट फिरली, मान गेला. पण तिच्या बाजूने सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

मास्तरांचे थोरले भाऊ श्रीपती निर्धास्त होते. खुर्ची घरातच आली होती.

खुर्चीत बसल्यावर मास्तरांना जुना शिमगा आठवला. लहानपणी चिमाकाकीच्या घरापुढच्या खळ्यात पालखी नाचताना त्यांनी पाहिली होती, आणि वडील म्हणाले होते, "आता हितनं आपल्याकडं येल." पण श्रीपतींनी स्वतःची शाळा सोडून त्यांना शिकवलं होतं. त्या भावाला दुखवायचं कसं?

हास्केलच्या कोर्टात भावाच्या जमिनीचा दावा आला तेव्हा तो खुर्ची सोडून साक्षीदाराच्या जागी उभा राहिला होता. ही गोष्ट सांगताना मास्तरांचा आवाज नेहमी चढायचा. आज ते शांतपणे उठले.

"घर माजं हाय, मी न्याय देनार नाय," ते म्हणाले. "साक्ष देतो. पालखी आधी चिमाकाकीकडं नाचायची. मी बगितलंय, बाबांच्या खांद्यावरनं."

श्रीपती चपला घालून निघून गेले. गावकीने मान चिमाकाकीला दिला.

थोरल्याने बोलणं टाकलं. मास्तरांना जेवण गोड लागेना, पण आपण चुकलो असं त्यांना एकदाही वाटलं नाही.

पालखीच्या दिवशी चिमाकाकीचं खळं सारवून लख्ख झालं होतं. पालखी उतारावर आली, तर पुढच्या दांड्याला श्रीपती. ते मास्तरांसमोर थांबले.

"जज्जसाहेब, या बाजूचा खांदा रिकामा हाय," ते म्हणाले. मग आवाज खाली आला. "त्या दिवशी तू बाबांच्या खांद्यावर व्हतास ना? त्यांचं बोट धरून मी उभा व्हतो."

मास्तर दांड्याखाली शिरले, आणि दोघे भाऊ पालखी घेऊन चिमाकाकीच्या खळ्यात उतरले.